कडेचा तुकडा

रविवार, ९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. पाकीट बघून दचकला असाल. अक्षर ओळखलं असेलच. तुमचे दादा म्हणायचे, हिचं अक्षर म्हणजे मुंग्यांचा मोर्चा. मुंग्या आता म्हाताऱ्या झाल्यात, जरा वाकड्या चालतात, सांभाळून घ्या.

मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे. घर तेच, दुसरा मजला. लिफ्ट बंद पडली ती पडलीच, सोसायटीवाले एकमेकांकडे बोट दाखवतात. समोर चष्म्याचं दुकान होतं तिथे आता कुलपं विकतात. खालच्या मजल्यावरचे शिंपीमामा मुलाकडे राहायला गेले. जिन्यात भेटले की "काय, आली का बाई कामावरून" असं रोज विचारायचे आणि मला त्याचा वैताग यायचा. आता कुणी विचारत नाही तर जिना लांब वाटतो.

नोकरी चालू आहे. हॉस्पिटलच्या तळघरातली तीच लॅब, तोच मेणाचा आणि औषधांचा वास. केसांना लागलेला तो वास काही जात नाही. तुमच्या हातांना छापखान्यातल्या शाईचा लागतो तसाच. वर्षअखेर निवृत्त होईन. मग काय करणार, असं सगळे विचारतात. मी म्हणते, झोप काढणार. एवढी झोप एकट्या माणसाला कशी संपवता येणार हे मला माहीत नाही, पण ते कुणाला सांगत नाही.

तुमची कॅलेंडरं दरवर्षी मिळतात. पोच कधी दिली नाही, पण परतही पाठवली नाहीत. कपाटावर नळकांड्या रचून ठेवल्या आहेत. उघडतच नाही असं समजू नका. उघडते, बघते, परत गुंडाळते. कागदाच्या कडेला शाई तपासायची रंगीत चौकोनांची पट्टी असते, ती तुम्ही कापत नाही. त्यावरून कळतं की हे गठ्ठ्यातलं नाही, मशीनमधून निघालेलं पहिलं तुम्ही उचललंय. भिंतीवर मात्र एकही लावलं नाही.

जेवण जातं ना नीट? पोट कसं आहे तुमचं? जळजळ, पोट लवकर भरल्यासारखं वाटणं, असं काही?

आपल्यात काय झालं ते दोघांनाही तोंडपाठ आहे. तरी एकदा लिहून टाकते, म्हणजे मी आडपडदा ठेवून बोलते असं तुम्हाला वाटायला नको. दादांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. लिव्हर बदललं तरच आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या लिव्हरचा तुकडा चालत होता. तुम्ही हो म्हणालात, सगळ्या तपासण्या केल्यात, सह्या केल्यात, ऑपरेशनसाठी दाखलही झालात. आणि आदल्या संध्याकाळी पिशवी उचलून मागच्या जिन्याने निघून गेलात. मग डॉक्टरांनी दादांची नुसती गाठ कापून काढली. ती परत आली आणि वर्षाच्या आत दादा गेले. ते गेल्यावर तुम्ही दारात आलात. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "दादांना तुम्ही मारलंत. आजपासून मला वहिनी म्हणायचं नाही." तुम्ही तसेच जिना उतरलात.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. तेव्हा जे वाटलं ते बोलले, आणि नंतरही रोज तेच वाटत राहिलं, अगदी गेल्या महिन्यापर्यंत. गेल्या महिन्यात लॅबमध्ये काहीतरी घडलं. ते तुम्हाला कळायला हवं, दुसऱ्या कुणाला कळून उपयोग नाही. आज लिहायला बसले ती त्यासाठीच, आणि लिहिता लिहिता कुलपाच्या दुकानापर्यंत भरकटून आले. आज जमणार नाही असं दिसतंय.

प्रकृतीला जपा. खाली काय सही करू ते सुचत नाही, म्हणून नुसता पत्ता लिहिते. तोच आहे.

ता. क. पोटाचं नक्की कळवा. उगाच विचारलेलं नाही.


रविवार, २३ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड मिळालं. "पोट ठीक आहे. आपण बऱ्या असाल अशी आशा." झालं. सगळा जन्म छापखान्यात गेलेला माणूस, आणि अक्षरांची ही काटकसर. वर संबोधनाची जागा कोरी सोडली आहे तीही पाहिली. तुमचं काही चुकलं नाही. मीच तुमचं तोंड बंद केलं होतं, त्यातून आवाज कुठून येणार.

आज लॅबचं सांगते. तुम्हाला चटकन समजेल, कारण तुमच्या धंद्यातही तेच आहे.

शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, तो मेणात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणायचं. त्याचा काप मी मशीनवर काढते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि काचेवर चिकटवते. आता लिव्हरमध्ये गाठ असली म्हणून ती लिव्हरचीच असेल असं नाही. पोटात, म्हणजे जठरात कॅन्सर होतो आणि तो लिव्हरमध्ये जाऊन घर करतो. त्यातलेही काही इतके पक्के सोंगाडे असतात की मायक्रोस्कोपखाली हुबेहूब लिव्हरच्या गाठीसारखे दिसतात. रक्ताच्या तपासणीतसुद्धा फसवतात. अशा वेळी मार्कर लावायचा. मार्कर म्हणजे औषधाचे थेंब, जे ठरावीक पेशींनाच चिकटतात. लिव्हरच्या पेशी असतील तर काप तपकिरी होतो, नसतील तर निळाच राहतो.

पण मार्करच शिळा असला तर? म्हणून प्रत्येक काचेवर कडेला आणखी एक तुकडा ठेवतात, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा. तुमची कडेची रंगपट्टी, अगदी तीच गोष्ट. पट्टी बरोबर उठली तर चित्रावर विश्वास ठेवायचा. कडेचा तुकडा तपकिरी झाला तर पेशंटच्या तुकड्यावर विश्वास ठेवायचा. तो नाही झाला तर सगळं रद्द, रिपोर्ट द्यायचा नाही.

आमचा लिव्हरचा कडेचा तुकडा फार जुना. वर्षानुवर्षं एकाच ब्लॉकमधून येतो. कधी दगा दिला नाही म्हणून लॅबमधल्या पोरींनी त्याचं नाव आजोबा ठेवलंय. "आजोबा रंगले का?" "आजोबा एकदम फॉर्मात आहेत आज." असं चालतं. ब्लॉक आता झिजून शेवटाला आलेला होता, नुसता मेणाचा सांगाडा आणि मध्ये पापुद्रा. मी काटकसरीने काप काढायचे.

तर गेल्या महिन्यात एक बाई दाखल झाल्या. लोकांना पोहायला शिकवतात, खांदे पुरुषासारखे. लिव्हरमध्ये गाठ. त्यांची धाकटी बहीण लिव्हरचा तुकडा द्यायला तयार. आमच्या डॉक्टर मॅडम, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान पण हुशार, त्या अडून बसल्या. म्हणाल्या, "गाठ लिव्हरचीच आहे याची खात्री झाल्याशिवाय मी सही करणार नाही. पोटातली असली तर त्या बहिणीला उगाच फाडतील." त्यांनी एक नवा मार्कर मागवला. जुन्या मार्करला हे सोंगाडे कधी कधी चकवतात, नव्याला सहसा चकवत नाहीत.

लावला. पोहणाऱ्या बाईंचा तुकडा छान तपकिरी. आणि कडेला आजोबा निळेशार.

परत लावला. तेच. मग सुरू झालं. मार्करची बाटली बदलून आणली, मशीन धुतलं, पाणी बदललं, कुणीतरी माझ्या हातावर बोट ठेवलं, "मावशी, थकलात आता तुम्ही." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. काहीही केलं तरी आजोबा हटून बसलेले. रिपोर्ट अडकला. ती धाकटी बहीण रोज येऊन लॅबबाहेरच्या बाकावर बसायची, डब्यातलं काहीबाही खायची आणि दार उघडलं की उभी राहायची. खरं सांगू, मी तिच्याकडे बघायचे ते एकाच नजरेने. ही कधी पळते, ते. पायात चपला आहेत का, जवळ पिशवी आहे का, तेसुद्धा बघायचे. एकदा न राहवून म्हटलं, "भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. रात्री बाथरूममध्ये जाऊन रडते." आणि परत डबा उघडून खायला लागली.

आता जे राहिलं ते असं. आजोबा कोण, हे लॅबमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. ब्लॉकवर नाव नसतं. मला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुमच्या दादांची बायको


गुरुवार, २७ फेब्रुवारी

भाऊजी,

मागचं पत्र तिथेच थांबवून तशीच खाली जाऊन पेटीत टाकून आले. घरात राहिलं असतं तर फाडलं असतं. तुमच्या उत्तराची वाट न बघता पुढचं लिहिते. मागचं वाचून तुम्हाला कळलंच असेल, तरी मी माझ्या तोंडाने सांगते.

आजोबा म्हणजे दादा.

त्यांची गाठ काढली ती आमच्याच हॉस्पिटलात, आणि आली ती आमच्याच लॅबमध्ये. ते गेल्यावर काही काळाने तेव्हाचे मोठे डॉक्टर लिव्हरसाठी कडेचा तुकडा शोधत होते. जुन्या ब्लॉकमधून त्यांनी एक निवडला. भरपूर मोठा, सगळी गाठच गाठ, आणि तेव्हाच्या मार्करला झकास रंगणारा. माझ्या हातात देऊन म्हणाले, "जपून वापरा, बरीच वर्षं पुरेल." त्यावरचा जुना नंबर मी वाचला. तो मी विसरणं शक्य नव्हतं.

बोलले नाही. बोलले असते तर ते बिचारे ओशाळले असते, तो बाजूला ठेवून दुसरा काढला असता. आणि मला तोच हवा होता. घरी कुणी नव्हतं भाऊजी, इथे दादा होते. सकाळी मशीनवर बसलं की पहिला ब्लॉक त्यांचा. काप काढायचा, कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती निघाली की काचेवर उचलायचा. रंग चढून आला की मी मनात म्हणायचे, आलात का. लोक माझं कौतुक करायचे, नवरा गेला पण बाईने स्वतःला कामात बुडवून घेतलं. कसलं काम. मी त्यांना भेटायला जात होते. पोरी "आजोबा" म्हणायच्या तेव्हा हसू यायचं, कारण केस काळे असतानाच गेलेला माणूस, मूलबाळ नाही, आणि कुठे जाऊन आजोबा झाला.

आता झालं ते ऐका. मॅडम शेवटी वैतागल्या. "आपण सगळे मूर्ख आहोत," म्हणाल्या, "रंगच चुकतोय असं धरून बसलोय. तुकडाच चुकीचा असला तर?" मी म्हटलं, "मॅडम, आजोबा चुकत नाहीत." त्या हसल्या आणि कुठून तरी निरोगी लिव्हरचा तुकडा शोधून आणला. तो कडेला ठेवून मार्कर लावला, तो लगेच तपकिरी. म्हणजे मार्कर ठणठणीत, मशीन ठणठणीत, माझे हातही ठणठणीत. पोहणाऱ्या बाईंची गाठ लिव्हरचीच. रिपोर्ट गेला. ती धाकटी पळाली नाही. ऑपरेशन झालं, दोघी बऱ्या आहेत, आणि वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवरून भांडतात असं नर्स सांगत होती.

मग राहिले दादा. मॅडम म्हणाल्या, "आता या म्हाताऱ्याचा छडा लावूया. काप निघतील का अजून?" मी काढले. ब्लॉकमधलं जे काही उरलं होतं ते सगळं निघालं, खाली नुसतं मेण राहिलं. मला नाही म्हणता आलं असतं. पण माझ्याही मनात पाल चुकचुकली होती.

त्यांनी पोटाच्या कॅन्सरकडे बोट दाखवणारे मार्कर लावले. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मॅडमची एक चांगली सवय आहे, स्वतः उठतात आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवून दाखवतात. मी आजवर फक्त रंग चढला की नाही एवढंच बघत आले होते. त्यांनी काच सरकवत एका कोपऱ्यावर आणली. तिथे बारीक बारीक नळ्या, जठराच्या आतल्या अस्तरात असतात तशा. आणि बाकी सगळीकडे पेशींच्या मधोमध त्या मार्करने उठवलेले गडद ठिपके. "बघा," त्या म्हणाल्या, "आजोबा लिव्हरचे नव्हतेच. पोटाचे. काय बेमालूम सोंग घेतलंय. त्या काळात हे मार्कर नव्हते, कुणीही लिव्हरच म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं." आजोबांच्या भरवशावर दिलेले जुने रिपोर्टही त्यांनी काढून तपासले. जुना मार्कर उठतो की नाही एवढीच साक्ष आजोबा देत होते, आणि ती खरीच होती, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही. मरून एवढी वर्षं झाली तरी दादांनी कुणाचं वाईट केलं नाही, तुमचे दादाच ते.

मी डोळा काचेवरून न काढता विचारलं, "मॅडम, या माणसाला कुणी लिव्हरचा तुकडा दिला असता तर?"

"तर तो वाया गेला असता," त्या म्हणाल्या. "मूळ पोटात. नवं लिव्हर बसवलं असतं तरी त्यात परत आला असता, कदाचित आणखी लवकर, कारण लिव्हर बदललं की शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. देणारा मात्र फुकट चिरला गेला असता. का हो?"

मी म्हटलं, "हे माझे मिस्टर आहेत."

 मॅडम मायक्रोस्कोपचा दिवा बंद करून म्हणाल्या, "बसा." मी बसलेलीच होते. त्या बाहेर गेल्या, चहा घेऊन आल्या, आणि तोही त्यांनीच पिऊन टाकला, इतक्या गोंधळल्या होत्या.

तर भाऊजी, हे असं आहे. तुम्ही थांबला असतात तरी दादा गेलेच असते. तुमच्या पोटावर एक मोठा व्रण राहिला असता आणि दादा कदाचित त्याहूनही लवकर गेले असते. दादांना तुम्ही मारलेलं नाही. हे वाक्य मी लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि मोठ्याने वाचूनही पाहिलं. आधीचं वाक्य मी उंबऱ्यातून मोठ्याने बोलले होते, म्हणून हेही मोठ्यानेच.

न सांगता निघून गेलात ते वाईटच केलंत. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. "मला भीती वाटते" एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं, ती बाकावरची मुलगी म्हणालीच की. पण घाबरणं वेगळं आणि मारणं वेगळं, आणि मी दोन्हींची एकच मोट बांधून तुमच्या डोक्यावर दिली. तुम्ही ती इतकी वर्षं वाहिलीत, हे त्या नळकांड्यांवरून दिसतं.

आता माझं सांगते. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरी आले, दार उघडलं, आणि घर इतकं रिकामं वाटलं की मी चपला न काढता तशीच खुर्चीत बसून राहिले. त्यात मी आणि माझा राग, असे दोघं राहत होतो. सकाळी चहा ठेवताना मी मनात तुमच्याशी भांडायला सुरुवात करायचे. तुम्ही काही सबब सांगायचात, मी ती खोडून काढायचे. कपडे वाळत घालताना, जिना चढताना, रांगेत उभी असताना. तुम्ही नेहमी हरायचात. माझ्याशी दिवसभर बोलणारं माणूस म्हणाल तर तुम्हीच होतात. आता मी कुणाशी भांडू? पोटाशी? दादांचा ब्लॉकही संपला. लॅबमध्ये त्यांच्या जागी आता त्या निरोगी माणसाचा तुकडा लावतात. चांगला रंगतो. पोरींनी त्याचं नाव नवा जावई ठेवलंय. मी त्याचे काप काढते आणि मला काही वाटत नाही.

एक गोष्ट आठवून आठवून छळते. दादांचं ताट. अर्धं संपलं की बाजूला सारायचे, म्हणायचे, "भरलं पोट." मी म्हणायचे, "सरळ सांगा ना आवडलं नाही म्हणून." त्यावर ते हसून आणखी दोन घास खायचे, माझ्यासाठी. म्हणून तुम्हाला पोटाचं विचारत होते. सख्ख्या भावाला असं झालं तर दुसऱ्याने एकदा दुर्बीण घालून पोट तपासून घेतलेलं बरं, असं मॅडम म्हणाल्या. फार काही नसतं, घशातून नळी घालतात, चिरफाड नाही, रक्त नाही. भीती वाटली तर मी बाहेर बाकावर बसेन. आमच्या हॉस्पिटलातच करा, मॅडमना सांगून ठेवलंय. पळालात तर मागचा जिना मला माहीत आहे.

या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवर लावलं. पट्टी कापली नाही.

आणखी एक राहिलंय. हे सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येणार नाही. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी धावत दादांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, तुमचा बारक्या पळाला. मला वाटलं ते चिडतील, रडतील.  ते मला म्हणाले, "जेवून गेला का?"

मी म्हटलं, मला काय माहीत. आणि तुम्हाला हे कधी कळू दिलं नाही, कारण हे कळलं असतं तर तुम्ही लगेच सुटला असतात.

या आता. जिना चढताना दमलात तर मध्ये बसा. दार उघडंच ठेवते. जेवून जा.

तुमची
वहिनी